शून्य वापर

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आज ते आशीर्वाद रागाखाली दबलेत, उकरून घे.

तू निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेलास आणि तुझ्या लाडक्या महापालिकेला चेव चढला. मंडईच्या कोपऱ्यावरची बायकांची मुतारी पाडणार आहेत. (हा शब्द लिहिल्याबद्दल शाळेतल्या सिस्टरनी माझ्या बोटांवर पट्टी मारली असती. पण त्यांच्या कॉन्व्हेंटात निदान दाराला कडी होती.) त्या जागी शहराच्या नावाची दहा फुटी अक्षरं उभी राहणार, दिवे लावलेली, मध्ये लाल बदाम. लोकांनी त्यापुढे फोटो काढायचे आणि शहराचा अभिमान बाळगायचा. बाळगू की! पण ओटीपोट दाबून किती वेळ बाळगणार?

भिंतीवर नोटीस आहे: 'सर्वेक्षणात शून्य वापर आढळल्याने.' आठवड्यातून दोनदा मी स्वतः जाते. मग मी कोण, भूत? आपली फळवाली पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत तिथे बसते. मागे महिनाभर कुलूप होतं तेव्हा तिने पाणी पिणंच सोडलं आणि मूतखडा घेऊन दवाखान्यात पडली. अख्ख्या मंडईत बायकांना दुसरी जागा नाही. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते.

वीस तारखेला आयुक्तांपुढे सुनावणी आहे. मी बोलणार आहे. अठ्ठावीस वर्षं तू तिथे इंजिनिअर होतास. शून्याचा हा शोध कोणत्या गाढवाने लावला, तेवढं कळव.

बायकोला आणि लेकीला माया सांग. महापालिकेच्या माणसांपैकी माझा लोभ फक्त तुझ्यावर आहे.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे सगळे ठीक, माझा गुडघा सोडून.

तुझा संताप समजतो. पण ताई, शहराला चेहरा लागतो. बाहेरून माणसं येतात, त्यांना काय मुतारी दाखवायची? आणि कोणाला एकदम गाढव म्हणू नये. सर्वेक्षण म्हणजे काही अंदाजपंचे काम नसतं. तीन दिवस भर उन्हात, दहा ते दोन, दारासमोर वही घेऊन बसावं लागतं. एकही बाई आत गेली नाही, तर त्या बिचाऱ्याने काय लिहायचं? पाहिलं ते लिहिलं.

एक आनंदाची बातमी. अक्षरांच्या उद्घाटनाला मला बोलावलं आहे. मानपत्र देणार आहेत. मसुदा आला, त्यात 'अचूक आणि निःस्पृह अधिकारी' असं म्हटलं आहे. आईबाबा हवे होते. तू पहिल्या रांगेत बसायचंस. तोवर जरा जिभेला लगाम घाल, एवढीच विनंती.

लोभ असू द्यावा, निदान उद्घाटनापर्यंत.

तुझा धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

तीस वर्षं मी कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या. साक्षीदार लपवायला लागला की आधी घसा खाकरतो. तुझं अख्खं पत्र घसा खाकरतंय. तीन दिवस, दहा ते दोन, वही, भर ऊन. यातलं मी तुला काहीएक लिहिलं नव्हतं आणि नोटिशीतही नाही. मग तुला कोणी सांगितलं?

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तू कान भाजून माझ्याकडे आला होतास. मी कोल्ड क्रीम लावलं. कुठे होतास विचारलं, तर साइटवर म्हणालास. काल फळवालीला विचारलं. तिला गवती टोपीचा साहेब पक्का आठवतो. ती टोपी मीच तुला घेऊन दिली होती रे! साहेब दाराकडे तोंड करून बसायचा, येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघायचा आणि वहीत डोकं घालायचा. बायका यायच्या, तुला बघून मागे फिरायच्या. काही गुदामामागे आडोसा शोधायच्या, बाकीच्या कळ काढायच्या. दोनला तू जेवायला उठलास की रांग लागायची.

परका पुरुष दारात बसून मोजतो आहे म्हटल्यावर कोणती बाई आत जाईल? आई, मी, बायको, लेक, चार बायकांच्या घरात तू वाढलास आणि म्हातारा झालास. एकीला तरी विचारायचं होतंस. ते शून्य तू स्वतः तिथे घेऊन गेलास, स्वतःच मोजून परत आणलंस आणि वर सही ठोकलीस.

सुनावणीला ये आणि हे सांग. येत नसशील तर सहीनिशी लिहून दे. नाहीतर तुझं नाव मी घेईन, बहीण असले तरी. मग खुशाल मानपत्र घे. माझी पहिल्या रांगेतली खुर्ची त्या लाल बदामाला दे.

आशीर्वाद उरले नाहीत.

ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. आशीर्वाद उरले नसले तरी वाकतो आहे, गुडघा दुखत असूनही.

दोन दिवस मी तुझ्यावर धुमसत होतो. पत्र बायकोला दाखवलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली की तेव्हा विचारलं असतं तर तिने भाजी चिरता चिरता सांगितलं असतं. लेक आधी हसली, मग हसायची थांबली. ते जास्त लागलं.

आयुक्तांच्या नावाचं निवेदन सोबत आहे. मोजणारा मी, मी बसलो म्हणूनच कोणी आलं नाही, अहवाल चूक आहे, असं लिहून सही केली आहे. मसुद्यातला 'अचूक' हा शब्द काढा, असंही कळवलं. बहुतेक ते मानपत्रच काढून टाकतील.

तिसऱ्या दिवशी एक पोटुशी बाई दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली. मला वाटलं, कोणाची तरी वाट बघते आहे. ती वहीत नाही. आता रोज आठवते.

सुनावणीला मात्र येत नाही. तेवढी छाती नाही. काय बोलायचं ते बोल.

धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुला भित्रा म्हणायचं ठरवलं होतं. ते म्हणून झालं असं समज.

तुझं निवेदन मी सभागृहात वाचलं, उभी राहून, एकही शब्द न गाळता. आमच्या नगरसेवकाने घरगुती भांडणं इथे आणू नका म्हणून मला सुनावलं. मी त्याला म्हटलं की शहर आपलं आहे की नाही हे दहा फुटी अक्षरांवरून कळत नाही, अडल्या वेळी आतून कडी लावता येते का, यावरून कळतं. मागे बसलेल्या भाजीवाल्या एवढ्या हसल्या की त्याला पाणी प्यावं लागलं. तो पिऊ शकतो, त्याची सोय आहे.

पाडकाम थांबलं. तीन दिवस फेरमोजणी होणार. तुझं मानपत्र मात्र गेलं, आता ते तुझ्या खुर्चीवर आलेल्या साहेबाला देणार आहेत.

आज मोजणीचा पहिला दिवस. मंडईत पोचले तर दारासमोर खुर्ची, खुर्चीत पुरुष, त्याच्या हातात वही! तुझं निवेदन ऐकून घेतल्यावरसुद्धा! मी त्याला उठवलं. तो हुकूम आहे म्हणाला. मी म्हटलं, हुकूम मोजायचा आहे, बसायचा नाही. त्याने ऑफिसला फोन लावला. मोजायला बाई मिळत नाही, असं उत्तर आलं. मी म्हटलं, मिळाली. आता तो मंडईच्या पलीकडच्या टोकाला पाठमोरा उभा आहे आणि मी खुर्चीत बसून तुला लिहिते आहे.

आत्ता दोन वाजलेत. तू या वेळी उठायचास. मी उठणार नाही. वहीत एकशे त्रेचाळीस रेघा झाल्या. त्यातली एक माझी, ती फळवालीने मारली. सकाळपासून ती तीनदा पाणी प्यायली, हे मी वहीत नाही, इथेच लिहिते.

तुझी गवती टोपी माझ्याकडेच राहिली होती, ती घातली आहे. तिचा काही उपयोग नाही रे, कान भाजतातच.

मागे न उरलेले आशीर्वाद सोबत पाठवते.

तुझी ताई