कलम चौदा: माध्यस्थम्

१८ जुलै, शुक्रवार

वीस तारीख डोक्यावर, अर्ध्या लोकांचे जीएसटी रिटर्न अजून जायचेत. त्यात पलासियाच्या ट्रॅफिकमधून वाट काढत शुभांगीवहिनी ऑफिसात हजर. अशोकची बायको. अशोक माझा शाळासोबती, म्हणून मी भावजी.

वहिनी जीरावन मसाला करतात, पोह्यांवर भुरभुरायला. गेल्या वर्षी दिल्लीच्या एका कंपनीशी करार झाला, तेव्हापासून पाकिटं बाहेरगावी जातात. आता त्याच कंपनीचं पत्र: तुम्ही कॉलनीतल्या दुकानांत स्वतः ‘शुभांगी जीरावन’ विकता, करारानुसार हे नाव आमचं आहे, विक्री बंद करा, वाद ‘माध्यस्थम्’कडे नेत आहोत, तीस दिवसांत उत्तर द्या.

वहिनी खुशीत. “भावजी, तुम्ही बोलले होते ना, झगडा झाला तर कोणी मध्ये पडेल? पडतंय बघा. अब टेन्शन नहीं.”

मी हो म्हणालो. जाताना जीरावनचं एक पाकीट टेबलावर ठेवून गेल्या. पत्राची भाषा समजुतीची वाटली नाही, पाकीट उघडावंसं वाटत नाही.

१९ जुलै

कराराची प्रत काढली. सगळी हिंदीत. सहीच्या दिवशीही अशीच वीस तारीख जवळ होती. कलम चौदाच्या शीर्षकावर बोट ठेवून वहिनींनी विचारलं होतं, हे काय? मी म्हणालो, मध्यस्थी. कुणीतरी चार समजुतीच्या गोष्टी सांगतं. चांगलंच आहे, करा सही.

हिंदीतलं माध्यस्थम् म्हणजे आपला लवाद. हे मला आज फोनमधल्या शब्दकोशातून कळलं, तीन पिढ्या इंदुरात काढल्यावर. हिंदी आपल्याला येतेच असं आम्ही मराठी लोक धरून चालतो. येते ती सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन येण्यापुरती.

शीर्षकाखाली चार ओळी आहेत. निवाडा करणारा कंपनी नेमणार, काम दिल्लीत चालणार, निर्णय अंतिम. त्या चार ओळी मी तेव्हा वाचल्याच नव्हत्या.

२१ जुलै

तुकोगंजात व्यासवकिलांकडे. कागद पाहून म्हणाले, “भिया, ये समझाने-बुझाने वाला मामला नहीं है. इसको कोर्ट ही मानो, और जज उनकी पसंद का.” मग थोडा धीर दिला. कंपनीने एकटीनेच नेमलेल्या माणसावर हरकत घेता येते, मुदतीत घ्यावी लागेल. “पर मैडम को पहले मालूम तो पड़े कि लड़ाई है. समझाया किसने था उनको?”

“होता कुणीतरी” असं हिंदीत पुटपुटलो.

लाज वाटते. आयुष्यभर लोकांना खरं लिहा, खरं भरा सांगत आलो.

२३ जुलै

विजय नगरला वहिनींच्या फ्लॅटवर गेलो, सांगायचं ठरवूनच. मागच्या गॅलरीत मिक्सर चालू होता, शिंका आवरेनात. भीतभीत विचारलं, समजा नाव गेलं तर?

“नाव कसं जाईल भावजी? तुम्हीच तर बोलले होते, प्रोप्रायटर आणि फर्म एकच. पॅन एक, माणूस एक. ते तर माझं नाव आहे ना.”

बोललो होतो. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मात व्यापारी नावाचा रकाना रिकामा होता. काय टाकू विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, शुभांगी. सासरी त्या सुनंदा. लग्नात तांदळावर लिहिलं गेलं ते नाव, तीस वर्षं तेच. माहेरचं नाव पाकिटावर छापून आलं तेव्हा त्या रडल्या होत्या. आम्ही सगळे त्यानंतरच शुभांगीवहिनी म्हणायला लागलो.

अशा बाईला काय सांगणार. “मध्यस्थी जरा औपचारिक असते” एवढंच म्हणून चहा पिऊन आलो. भित्रा.

२६ जुलै

नीलिमाने जेवताना विचारलं, “सांगितलंस?”

“सांगतोय.”

“सांगतोय म्हणजे नाही.”

बायको सी.ए. असती तर माझं दुकान कधीच बंद झालं असतं.

ऑफिसातली पाटी काढून ठेवली. ‘वाचल्याशिवाय सही करू नये.’ माझ्याच अक्षरातली. दुपारी एका अशिलाने विचारलं, पाटी कुठं गेली? रंगवायला दिली म्हणालो. म्हणजे आणखी एक खोटं.

३० जुलै

सकाळी वहिनी आल्या, हातात एक फॉर्म. कंपनीच्या पत्रालाच जोडलेला होता: आमचा माणूस मान्य नसल्यास आपल्या पसंतीचे नाव सुचवा. वहिनींनी स्वतः भरलाय, फर्मचा शिक्का मारलाय, सही तेवढी बाकी. नाव माझं.

“दोन्हीकडच्यांना समजावेल असं तुमच्याशिवाय कोण आहे? आमचं लग्न जमलं तेव्हा मध्ये तुम्हीच होते. दोन घरं जुळवली, ये तो कंपनी है.”

खाली रकाना: ‘पक्षकार से संबंध’. त्यात त्यांच्या गोल अक्षरात: ‘घर के ही हैं’.

आता मात्र राहवेना. दार लोटलं. म्हणालो, वहिनी, कलम चौदा पुन्हा वाचू. त्यांनी चष्मा लावला. मी शीर्षक वाचलं, खालच्या चारही ओळी वाचल्या, एकेक शब्द मराठीत सांगितला. लवाद. दिल्ली. अंतिम. व्यासवकील सांगत होते ती हरकतही सांगितली, मुदत आहे, आपण लढू, मी बरोबर येतो. मी फार भराभर बोलत होतो.

वहिनींनी शीर्षकावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “मग त्या दिवशी तुम्ही काय वाचलं होतं?”

“फक्त शीर्षक,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. माझ्या टेबलावरचं पेन मागितलं. फॉर्मवर वाकल्या, हाताचा आडोसा होता, काय केलं दिसलं नाही. मग फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला, “येते” म्हणाल्या. भावजी म्हणाल्या नाहीत.

पेन अजून टेबलावर आहे, टोपण न लावलेलं. ‘घर के ही हैं’ खोडलं की सही केली, ते मला माहीत नाही.