अटकेच्या यादीतलं सहावं नाव

११ नोव्हेंबर

जुन्या कागदांच्या धुळीने घसा बसला. बायको म्हणते, बरंच झालं.

कांजूरमार्गच्या वस्तीने १९७४ साली नळासाठी मोर्चा काढला होता. अकरा बायका तीन दिवस कोठडीत. सहा डिसेंबरला पन्नास वर्षांची स्मरणिका निघतेय. वस्तीतल्या बुद्धविहाराचे सचिव भाऊराव म्हणाले, "सर, पुरुषांचे बारा फोटो आहेत. बायांचं नावसुद्धा नाही. तुम्ही पेपरवाले, शोधा." पेपरवाला! आठवड्याला एक बातमी, तीही मुलुंडच्या गटाराची.

मोर्चा काढणाऱ्या समितीचं इतिवृत्त वाचलं. मोर्च्यावर चार पानं, शेवटी एक ओळ — "महिलांनीही साथ दिली." लाठ्या त्यांनी खाल्ल्या आणि वाट्याला आलं एक अव्यय — 'ही'! शाळेत संस्कृत शिकवतो, त्याचा उपयोग एवढाच.

१४ नोव्हेंबर

सापडली! समितीच्या वकिलाच्या ट्रंकेत अटकेची यादी. अकरा नावं, पुढे नवऱ्याचं नाव, वय. आडनाव एकीचंही नाही. आपल्या माणसांनी नाही, फौजदाराने लिहून ठेवली. भाऊराव चष्मा पुसत राहिले.

सहावं नाव — वनमाला श्यामसुंदर, वय ३४.

माझी आई वनमाला. बाबा श्यामसुंदर. आणि चौऱ्याहत्तरात आई चौतिसाचीच.

काकतालीय न्याय, निव्वळ योगायोग, म्हणून सोडून देत होतो. पण वयही जुळावं? पत्ता तेवढा वस्तीचा, आमच्या मुलुंडच्या घराचा नाही. बाबांना कळू नये म्हणून दिला असणार!

१५ नोव्हेंबर

झोप नाही. दूधवाल्याशी दाराआडून बोलणारी बाई — कोठडीत!

मी तेव्हा चार वर्षांचा. काही आठवत नाही. रुचिराताईला इतक्यात सांगणार नाही. छापलेलंच हातात ठेवीन.

१९ नोव्हेंबर

भाऊराव म्हणाले, "अकरांतल्या चंपाबाई हयात आहेत, घाटकोपरला, लेकीकडे. पण त्यांचं नाव यादीत नाही, सर."

म्हटलं, माणूस विसरतो, कागद विसरत नाही. यादी छापखान्यात दिली. आईवर दोन परिच्छेद जास्तच लिहिले.

२६ नोव्हेंबर

भाऊरावांनी आग्रहाने घाटकोपरला नेलं. चंपाबाई ब्याऐंशीच्या. लेक सपनाने चहा दिला. मी मोठ्या ऐटीत यादी वाचायला घेतली. तिसऱ्या नावाला म्हातारी हसायला लागली. पाचव्याला ठसका!

"अहो मास्तर, ह्या आमच्या मालकिणी!"

"म्हणजे?"

"खरं नाव दिलं असतं तर धुण्याभांड्याची कामं गेली असती. मग ज्या घरी काम, त्या बाईचं नाव दिलं. नवऱ्यासकट, वयासकट! म्हटलं, बाईसाहेबांना पण हवा खाऊ दे कोठडीची."

सपना म्हणाली, "आये, पुरे गं."

आपापली नावं लपवून त्यांनी घरं चालवली. मी यादी घडी करून खिशात ठेवली. मग चंपाबाईंनी एकेक खरं नाव सांगितलं. मी लिहीत गेलो. सहावीपाशी थांबल्या.

"ही मुलुंडला कामाला जायची. जालन्याकडनं नवी आलेली. आम्ही वहिनी म्हणायचो. हिचंच काम गेलं बघा — मालकिणीनं घरात घेतलं नाही. महिन्याभरात बिऱ्हाड उचललं. नाव... नाही येत ओठावर." मग माझ्याकडे बघून, "ते मालकिणीच्या घरात इचारा की. रोज जायची ती तिथं."

मी चहा संपवला. त्या घरातला मीच, हे सांगितलं नाही.

आमच्या मोरीतल्या नळाखाली ती भांडी घासायची. हंडा भरून न्यायला मनाई होती. हे मात्र मला आठवतं.

घरी येऊन छापखान्याला फोन — ते दोन परिच्छेद काढा. दहा नावं पाठवतोय. सहावी ओळ थांबवा.

२७ नोव्हेंबर

ताईला फोन केला. ती तेव्हा अकराची होती. लगेच आठवलं तिला. "अरे, तीन दिवस न सांगता दांडी मारली ना तिने! चौथ्या दिवशी आईने दारातूनच परत पाठवलं."

"नाव काय होतं गं तिचं?"

ती पुटपुटत आठवू लागली. मग —

"बाईच म्हणायचो ना रे आपण."