शब्द येईपर्यंत

बाई, परळच्या शाळेत चौथीला तुम्ही आम्हाला शिकवलंत त्याला आता एक जन्म लोटला. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, कुणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या पंगतीत. मीही पुढे शिक्षिका झाले, लालबागच्या एका शाळेत मराठी शिकवते, हेसुद्धा तुम्हाला सांगायचं राहून गेलं. पण आज लिहायला बसले ते माझ्याबद्दल नाही. आमच्या शाळेत गणिताचे एक सर आहेत, त्यांच्याबद्दल सांगायचंय. खरं म्हणजे मी त्यांना फारशी ओळखतही नाही. शीवहून येतात, शिक्षकखोलीत खिडकीपाशी बसतात, डबा झाकणात काढून खातात. एवढंच ठाऊक होतं. बोलणं म्हणाल तर ‘खडू आहे का?’ आणि ‘उद्या सुट्टी ना?’ याच्यापुढे कधी गेलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय बचावले, वाचेवर निभावलं. काही महिन्यांनी ते कामावर आले तेव्हा चालणं पूर्वीसारखंच होतं, आकडेमोड तर तोंडपाठ होती, पण साधेसाधे शब्द हरवलेले. पाणी हवं असलं की तोंडातून ‘दार’ निघायचं. चुकलं हे त्यांना कळायचं, मान हलवून पुन्हा प्रयत्न करायचे. आणि आम्ही सगळे, मनाने वाईट नव्हे हो, पण एकदम तुटून पडायचो. ‘चहा, सर? खुर्ची? पेपर हवाय का?’ शेवटी थकून ते कशालाही ‘हो’ म्हणायचे आणि नको असलेला चहा समोर घेऊन बसायचे. हळूहळू त्यांनी शिक्षकखोलीत येणंच सोडलं.

एका सकाळी मी लवकर पोचले होते. मुलं यायची होती. दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना एका रिकाम्या वर्गातून आवाज आला. ‘परीघ. परीघ. त्रि... त्रिज्या. परीघ.’ सर एकटेच फळ्यासमोर उभे होते. त्या दिवसाच्या धड्यातले शब्द एकेक करून परत मिळवत होते. एक हाती लागला की दुसरा निसटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. मी कठड्याला धरून तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं शिकवतेय मी, बाई, पण वर्गात नेण्यासाठी असा एकेक शब्द जिंकून आणावा लागतो, हे कधी मनातही आलं नव्हतं. मग मी गुपचूप खाली उतरले आणि चपला वाजवत पुन्हा वर आले, कुणीतरी येतंय हे त्यांना कळावं म्हणून.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकेने मला बोलावलं. ती माझ्याच बरोबरीची, एकत्र नोकरीला लागलो आम्ही. म्हणाली, ‘मला काय हौस आलीय त्यांना घरी बसवायची? पण पालक रोज दारात उभे असतात गं. सर बोलायचेच थांबतात म्हणे मध्येच. तू चार दिवस सातवीच्या वर्गात मागे बस आणि मला खरं काय ते सांग.’ मला ते काम नको होतं. ज्या माणसाशी मी धड कधी बोलले नाही, त्याचं पोट माझ्या एका वाक्यावर ठेवलं होतं तिने.

मी शेवटच्या बाकावर बसते. सरांनी दोरीने फळ्यावर वर्तुळ काढलंय, इतकं सुबक की बघत राहावं. मधल्या टिंबावर बोट ठेवून ते म्हणतात, ‘हा आहे... हा...’ आणि थांबतात. ‘बाजार,’ म्हणतात. मान हलवतात. ‘खिडकी. नाही.’ मी श्वास रोखून बसलेय. ‘केंद्र’ हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आलाय. आणि त्या क्षणी, बाई, मला तुम्ही दिसलात.

गिरण्या बंद होत्या ते वर्ष. माझ्या बाकावरची ती अडखळत बोलणारी मुलगी आठवते? आमच्याच चाळीतली. मधल्या सुट्टीत तुम्ही तिला विचारलंत, ‘आज डब्यात काय गं?’ ती ‘घ... घ...’ करत राहिली आणि मी मोठ्या हुशारीने ओरडले, ‘घावणे, बाई!’ तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी खालीच बसले. ‘वाक्य तिचं आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘तिला पुरं करू दे.’ मग तुम्ही तिच्यासमोर नुसत्या उभ्या राहिलात, कसलीही घाई नसल्यासारख्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘घरी... काही शिजलं नाही.’ तुम्ही आपला डबा उघडलात आणि तिला शेजारी बसवून घेतलंत.

तर मी गप्प बसले. आणि मग माझ्या लक्षात आलं, सगळा वर्गच गप्प आहे. कुणी हसत नाही, कुजबुजत नाही, पेन्सिलसुद्धा वाजत नाही. बाहेर लाडूंच्या ऑर्डरी ओरडून घेणारा माणूस, बसचे हॉर्न, पुलावरची गर्दी, सगळं लालबाग गरजतंय आणि आत ही बारा वर्षांची पोरं देवळात बसल्यासारखी शांत, त्या टिंबाकडे बघत. ‘केंद्र,’ सर म्हणाले. ‘हे केंद्र.’ आणि अख्ख्या वर्गाने एकदम श्वास सोडला.

तास संपल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीला मी विचारलं, ‘सरांनी सांगितलंय का तुम्हाला, मध्ये बोलू नका म्हणून?’

‘नाही टीचर, सर काहीच नाही बोलले,’ ती दप्तर भरता भरता म्हणाली. ‘पहिले आम्ही सांगायचो. पण आपण सांगितलं ना, की त्यांचा शब्द अजून लांब जातो. मांजर कसं, हाका मारल्या की पलंगाखाली पळतं? गप्प बसलं की येतं आपोआप.’

कुणी शिकवलं असेल हे त्यांना? आम्ही शिक्षकखोलीतल्या शहाण्यांनी तर नक्कीच नाही.

मुख्याध्यापिकेला मी म्हटलं, ‘मी सांगून तुला पटणार नाही. तू स्वतः येऊन बस.’ ती आली, माझ्या शेजारी बसली. सर एका शब्दापाशी अडले. तिच्याने राहवेना, ती पुढे झुकून तोंड उघडणार इतक्यात मी तिचं मनगट धरलं. घट्ट. ती चमकून माझ्याकडे बघायला लागली. मी फक्त मुलांकडे बोट केलं. शब्द आला तेव्हा तिने पदराने डोळे टिपले. पुढे तिने तक्रार करणाऱ्या पालकांनाही तसंच वर्गात बसवलं. सगळ्यांना पटलं असं नाही. नववी-दहावीचे तास सरांकडून काढून घेतलेच, आणि ते त्यांना फार लागलं. दोन दिवस ते फळ्यावर लिहूनच शिकवत होते. पण सातवी त्यांच्याकडे राहिली.

नंतर एकदा ते जिन्यात माझ्यासमोर येऊन थांबले. ‘तुम्ही... तुम्हाला...’ मी थांबले. आभार मानायचे असतील असं मी धरूनच चालले होते, मनातल्या मनात ‘अहो, त्यात काय’ तयारही ठेवलं होतं. घंटा झाली, पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी धडधडत खाली गेली. शब्द आला नाही. ते हसले, म्हणाले, ‘उद्या.’ दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर उभे. ‘तुम्हाला,’ ते म्हणाले, ‘माझी... जागा हवी का? खिडकीची. वारा... चांगला येतो.’

मी तिथे बसत नाही. खुर्ची त्यांची आहे, आणि हल्ली ते कधीमधी येऊन बसतातही.

हे पत्र टाकणार कुठे? तुम्ही गिरगावातून यायचात, पण घर कुठे ते आम्हाला कधीच कळलं नाही. राहू दे इथेच. एक मात्र कबूल करते. मला सांगितलेले ते चार दिवस केव्हाच संपले, तरी माझा तास मोकळा असला की मी सातवीच्या वर्गात मागे जाऊन बसते. शिक्षकखोलीत विचारलं तर सांगते, तिथला पंखा बरा आहे. तो पंखा खडखडतो, बाई. सर वर्गात आले की मुलं आपणहून उठून तो बंद करतात.