अमीरबींची प्लेट आणि माझा कान

१४ जून १९१२, शुक्रवार
संध्याकाळी शेजारच्या अमीरबी स्वतः आल्या. उंबऱ्यातच उभ्या. पदराखाली फोनोची एक प्लेट. काही वर्षांपूर्वी फोनो कंपनीचा साहेब पुण्यास आला होता, तेव्हा बाईंनी त्याच्या कर्ण्यात तोंड घालून एक भैरवी गायली. ती ही. प्लेट विलायतेहून छापून येईतो बाईंचा घसा गेला. आता नुसती कुजबुज. स्वतःचं गाणं त्यांनी अजून ऐकलेलं नाही. ज्यांच्या बैठकीत गायले त्यांच्या दारात ऐकायला कशी जाऊ, म्हणाल्या. तुमचं घर आपलं हाय. पाऊस उघडला की गगनबावड्याच्या घाटानं खारेपाटणला लेकीकडं निघाल्या आहेत, कायमच्या. तवर एकदा ऐकवा की मास्तर, म्हणाल्या.
मी म्हटलं, ऐकवीन तर अशी ऐकवीन, की तुम्हीच समोर बसून गाताय असं वाटेल. टोन-आर्म, म्हणजे ज्याच्या टोकाला सुई असते तो फोनोचा हात, जरा जुळवायला हवा. चार दिवसांचं काम. तार-ऑफिसात इतकी वर्षं कट्ट-कड्ड ऐकून कान तयार झालाय. असा कान कोल्हापुरात दुसरा नाही.

१५ जून
प्लेट लावली. आमची मंडळी, सौ. झुंबरबाई, चुलीपुढून उठून आली आणि दारात बसून राहिली. डोळ्यांना पदर. म्हणाली, झालं की. आत्ताच बोलवा त्यास्नी.
तिला काय कळतंय. वरच्या सुराला हात किंचित थरथरतो. असं कच्चं ऐकवणं म्हणजे बाईंचा अपमान.
संकल्प: रोज सकाळी ऑफिसपूर्वी एक तास जुळणी. जुळणी अमीरबींच्याच प्लेटीवर. माझ्या दोन्ही प्लेटी ब्यांडच्या. ब्यांडवर हात जुळत नसतो.

२३ जून, रविवार
दोष सापडला. टेबल सपाट नाही. वर परात ठेवून पाणी भरलं, तर पाणी चुलीकडे धावलं. एका पायाखाली सुपारीचं खांड घातलं. मग पाणी दाराकडे. दुसऱ्या पायाखाली दोन खांडं. पाहुणे आले तेव्हा पानाला सुपारी नव्हती. ही सगळ्यांदेखत म्हणाली, सुपारी टेबलानं खाल्ली. विनोदाची ही जागा नव्हती.
फोनोबरोबर इंग्रजी पत्रक आहे. दर प्लेटीला नवी सुई घाला म्हणतात. सुया खपवायची युक्ती, दुसरं काय. मी इंग्रजी वाचतो म्हणून इंग्रजाला फसत नाही. सुई सहाणेवर घासली की नवी होते. दोन सुयांत पावसाळा निघेल.

३ जुलै
आवाज जरा बसल्यासारखा. कारण उघड आहे. हवेतला ओलावा. साउंडबॉक्समधली अभ्रकाची चकती नरम पडते, हात हलका पडतो, सुई वरवर चालते. म्हणून हातावर नवटाकाचं वजन सुतळीनं बांधलं. आवाज भरदार झाला. फार समाधान वाटलं. शुक्रवारी: समाधान दोन दिवस टिकलं.

२१ जुलै, रविवार
नळावर अमीरबी भेटल्या. मास्तर, झालं का? म्हटलं, बाई, गाणं म्हणजे गूळ नव्हे, काहिलीतून ओतला की झाला.
गुळाचं नाव काढायचं कारण बाळासो. शाहूपुरीत त्याची गुळाची अडत. त्याच्याकडेही फोनो आहे, कर्णा केवढा तर वासरू आत बसेल. तो बाईंना म्हणाला होता, या की पेढीवर, एका किल्लीत ऐकवतो. मी बाईंना सावध केलं. तिथं गुळाच्या रव्यांवर माश्या, हमालांचा दंगा. प्लेटीला धूळ लागेल, ओरखडे पडतील. प्लेटीची कदर करणारा कोल्हापुरात मी एकटा. बाईंना पटलं. म्हणाल्या, तुमास्नी ठावं.
थोडक्यात अनर्थ टळला.

११ ऑगस्ट, रविवार
खरखर. दोष हिच्या फोडणीचा आहे. तेलकट वाफ हाताच्या सांध्यात जाते. म्हटलं, चार दिवस परसात चूल मांड. म्हणाली, पावसात? छत्री फोनोला धरू का चुलीला? आणि दोन दिवस अबोला.
अबोल्यात जुळणी उत्तम होते. वजन पावशेरावर नेलं. आता थरथर अजिबात नाही. वरचा सूरही नाही, पण तो नंतर आणता येईल.

३० ऑगस्ट
मोठा शोध. हात वजनानं दाबायचा नसतो, वरून तोलायचा असतो. आढ्याच्या कडीतून दोरा सोडला. एका टोकाला फोनोचा हात, दुसऱ्या टोकाला तूरडाळीची पुरचुंडी. चिमूटभर डाळ काढायची, ऐकायचं. चिमूटभर घालायची, ऐकायचं. सोनारसुद्धा एवढं नाजूक तोलत नसेल.
सायंकाळी: उंदरानं पुरचुंडी कुरतडली. पावशेरासकट हात प्लेटीवर आपटला. ओरखडा किरकोळ आहे. दर फेऱ्याला टक् होतं. मला तारेची सवय असल्यानं त्रास होत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
पलीकडच्या बाळाबाईंनी हिला विचारलं, मास्तर रोज सकाळी काय तळत्यात? लोकांना कान नाहीत हेच खरं.
ही म्हणाली, पहिल्या दिशी काय ग्वाड वाजलं हुतं. म्हटलं, पहिल्या दिवशी तुझा कान नवा होता. त्यावर ती देवळीतून नव्या सुयांची डबी घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवली. वरचा कागदही फाडलेला नाही. म्हटलं, ती अमीरबींच्या दिवसासाठी राखून ठेवली आहे. ही नुसती बघत राहिली. हिचं असं बघणं मला आवडत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
ऊन पडलं. ओलावा गेला. खरखर गेली नाही.
अमीरबी अंगणात गवऱ्या उलथत होत्या. आमची भिंत एकच. म्हणाल्या, मास्तर, रोज भिताडाला कान लावत्ये. ती कोन बाई वो? घसा बसल्याली? माझी कवा लावनार?
मी म्हटलं, ती जुळणीची प्लेट आहे. तुमची वेगळी ठेवली आहे.
का म्हटलं कोण जाणे. जेवण गेलं नाही. हिनं विचारलं तर पित्त म्हणून सांगितलं.

२० ऑक्टोबर, दसरा
खंडेनवमीला हत्यारांबरोबर फोनोचीही पूजा केली होती. हाताला झेंडूचा हार अजून तसाच. हारानं तोल बदलतो, पण आज काढणं बरं दिसलं नसतं.
बाळासो सोनं द्यायला आला. प्लेट फोनोवरच होती. उचलून उजेडात तिरपी धरली. नवी प्लेट कशी काळी चकचकती असती, म्हणाला, ही बघा, राख फासल्यागत झालीया. मास्तर, हिच्यात आता काय न्हाय ऱ्हायलं. दुसरी मागवा.
हेवा, दुसरं काय. तरीपण सावधगिरी म्हणून मुंबईच्या एजंटाला तार केली.
मग अमीरबी आल्या. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. येत्या रविवारी गाडी ठरली हाय, म्हणाल्या. निघायच्या आदी ऐकत्ये आनि जात्ये. मी हो म्हटलं.

२४ ऑक्टोबर
एजंटाचं उत्तर आलं. तो नंबर यादीतून काढला, छपाई बंद, शिल्लक नाही. तार मीच उतरवून घेतली. एकही शब्द चुकला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार
सकाळी वजन सोडलं. दोरा तोडला. डाळ हिला परत दिली. डबी फोडून नवी सुई घातली. अजूनही मला वाटत होतं, नव्या सुईनं निघेल.
अमीरबी हिरवं लुगडं नेसून आल्या. पान खाल्लेलं. बैठकीला बसावं तशा मांडी घालून बसल्या. बाहेर बैलगाडी उभी. किल्ली दिली, हात ठेवला.
खर्रर्र. टक्. खर्रर्र. टक्. त्याच्या तळाशी कुठं तरी बाईमाणूस आहे असं वाटावं एवढंच. अमीरबी पुढं सरकल्या. मग आणखी पुढं. शेवटी कर्ण्याला कान लावून बसल्या. ही भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला मान वर करवेना.
गाणं संपलं. एरवी तिथंच मी हात उचलायचो. आज माझा हातच उठला नाही. म्हणून प्लेट पुढं चालत राहिली. गाणं झालं की गाणारानं आपलं नाव सांगायचं असा कंपनीचा रिवाज असतो, म्हणजे छापणाऱ्या साहेबांना कळावं ही कुणाची. मी जुळणी गाण्यावर करत होतो, त्या नावापर्यंत सुई कधी नेलीच नव्हती. तेवढी जागा कोरी करकरीत. आणि कर्ण्यातून एकदम, खणखणीत, जरा तोऱ्यातच: अमीरबी, कोल्हापूर.
बाई दचकून मागं सरल्या. ही रडायला लागली. मी म्हटलं, बाई, जुळणीची दुसरी प्लेट कधीच नव्हती. ती घसा बसलेली तुम्हीच. पहिल्या दिवशी सगळं गाणं होतं, लख्ख होतं, हिनं ऐकलंय. मी घासून संपवलं. एवढं बोलून मला हुंदका आला, आणि थांबवता आला नाही.
त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हिच्याकडे वळून विचारलं, खरंच? चांगली गायल्ये हुत्ये? ही म्हणाली, व्हय. लई चांगल्या. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, त्येवढं नाव परत लावा.
लावलं. त्या ओठ हलवत होत्या, आवाज येत नव्हता. आणखी एकदा लावलं. गाडीवान हाका मारत होता. पुन्हा सुई ठेवायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या मास्तर. ह्ये बी झिजंल.