कुमुद गाडीत बसते तिथपर्यंत

मखमलाबाद, नाशिक
११ नोव्हेंबर २०२४

ती. ज्ञानेशभाऊस,
मनीषाचा शि. सा. न. वि. वि.

सिनेमा लागल्यापासून तुझा फोन बंद आहे, म्हणून शेवटी पत्र घातलं. आईला वाटतं तू आजारी आहेस. मला वाटतं, तू लोकांची मतं ऐकून कंटाळला आहेस. तरी मी आणखी मतंच पाठवते आहे, कारण आईने सांगितलं, आम्ही त्याचा सिनेमा पाहिला हे त्याला कळव.

कसा पाहिला ते वाचून रागावू नकोस. महेशदादाने मोबाइलच्या दुकानातून पेन ड्राइव्हमध्ये भरून आणला. कोणीतरी थिएटरात बसून चोरून फोनवर घेतलेला. पडदा एका अंगाला कललेला, खाली पुढच्या माणसाचं डोकं, आणि जवळच कोणी सारखं खोकत होतं. तू लिहिलेले निम्मे संवाद त्या खोकल्यात गेले. मी म्हटलं होतं, थिएटरात जाऊ, भावाचं नाव मोठ्या पडद्यावर बघू. दादा म्हणाला, शेवंतीची खुडणी टाकून कोण जातंय.

रविवारी दुपारी शेजारचे रंगनाथमामा आणि सखुबाईही आल्या. ज्या मालिकेवरून तुझा सिनेमा काढला, ती बुधवारची जुनी मालिका दोघांनाही तोंडपाठ. मामांचं मत, मालिकेतली कुमुद कशी भरल्या अंगाची, खानदानी दिसायची. ही तर उपाशी वाटते. सखुबाई पूर्ण वेळ झोपाळा शोधत होत्या. मालिकेत ओसरीवर होता, तो का काढला, हे तुला विचारायला सांगितलंय. प्रतिभावहिनीला साड्या आवडल्या, जेवढ्या दिसल्या तेवढ्या.

शेवटावरून मात्र सगळ्यांचंच बिनसलं. कुमुद नवऱ्याचा मार खाऊन पिशवी घेऊन स्टँडवर येते, गाडीत बसते, गाडी हलते आणि संपलंच. दादा म्हणाला, मालिकेत ती परत जाते, सासू तिला ओवाळून घरात घेते. ज्ञानेशने मुद्द्याचंच कापलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला की असलं दाखवतात म्हणून पोरींना घरं नकोशी होतात.

मी भांडी विसळायला उठले. गणपतीत सासरहून, घोटीहून आले ती अजून इथेच आहे. अंगावरचे वळ गेले, त्यामुळे आता सगळ्यांना वाटतं की भांडणही मिटलं असेल. २४ तारखेला रविवारी तिकडची माणसं मला न्यायला येणार आहेत. दादाने त्यांना होकार दिला. आई हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. मीही आता काही म्हणत नाही. तेच तेच सांगून जीभ दमते.

सगळे गेल्यावर आई बंद टीव्हीसमोर तशीच बसून होती. मग तिने एवढंच विचारलं, हा शेवट आपल्या ज्ञानेशनेच लिहिलाय का? तेवढं कळव.

माया आहेच, तिला अधूनमधून दोन ओळींचं पाणी घालत जा.

तुझी,
मनीषा

*

मुंबई
१६ नोव्हेंबर २०२४

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी आजारी नाही. फोन बंद केला कारण ज्याने त्याने मला सिनेमा समजावून सांगायला सुरुवात केली, आणि बहुतेकांनी पाहिली होती ती तुम्ही पाहिलीत तीच कॉपी. वर्षभर एकेक वाक्य घासलं आणि लोक झोपाळ्याबद्दल बोलतात. सखुबाईंना सांग, झोपाळ्याचं माझ्या हातात नव्हतं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर देणं मला अवघड जातंय. तुमची कॉपी अर्धवट आहे. घेणाऱ्याचा फोन बंद पडला असेल किंवा कोणी हटकलं असेल. सिनेमा त्याच्या पुढे आहे. कुमुद पुढच्या स्टँडवर उतरते आणि परत जाते. सासू ओवाळते. महेशदादाला हवं ते सगळं त्यात आहे.

मी मात्र गाडी हलते तिथेच थांबलो होतो. निर्माते म्हणाले, लोकांना मालिका आठवते, ती घरी गेलीच पाहिजे. काही दिवस वाद घातला, मग दमलो आणि परतीचा प्रसंग लिहून दिला. त्यामुळे आईने पाहिला तो शेवट माझा आहे, आणि नाहीही. दोन्ही खरं. हे तिला सांगायचं की नाही, तू ठरव. तिच्याशी खोटं बोलायला मात्र तुला सांगवत नाही.

रविवारी मी येऊ का? आलो तर दादाशी भांडण होईल आणि ते तुझ्यावर निघेल, अशी भीती वाटते. इथे एकच खोली आहे, पण ती तुझी समज.

आईस नमस्कार. तुझ्यावरचा जीव पत्रात मावत नाही, समजून घे.

तुझा,
ज्ञानेशभाऊ

*

मखमलाबाद, नाशिक
२६ नोव्हेंबर २०२४

ती. ज्ञानेशभाऊस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही सगळे पडवीत शेवंती निवडत होतो. आईने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मी खोलीचं तेवढं गाळलं, बाकी सगळं वाचलं. तुला येऊ नको असं कळवावं तरी कशाला, पत्र पोचेपर्यंत रविवार उलटून जाईल, म्हणून उत्तर दिलं नाही.

ऐकून दादाला बरं वाटलं. तो म्हणाला, बघा, सिनेमातसुद्धा शेवटी गेलीच ना परत. वहिनी खाली मान घालून फुलं निवडत राहिली. मीही. मला वाटलं, झालं, आता कपड्यांची पिशवी भरायची.

आईने हातातली फुलं पाटीत टाकली आणि म्हणाली, "कुमुद गेली आसंल. तिला म्हायेर नाय दिलं कोनी लिहून. मनीषाला हाय."

दादाने समजावून पाहिलं. लोक काय म्हणतील, दिलेल्या शब्दाचं काय.  आई पुन्हा फुलं निवडायला लागली.

रविवारी घोटीची माणसं आली. आईने चहा केला, कप त्यांच्या हातात दिले आणि उभ्यानेच सांगितलं की पोर येणार नाही. माझा दीर बराच बोलला. मालकांनी मान वर केली नाही. मी दाराशी होते, आत पळाले नाही, एवढंच माझं शौर्य. ते गेल्यावर आनंद वगैरे काही झाला नाही, भाऊ. नुसती झोप आली. दिवसाउजेडी पडले ती संध्याकाळी वहिनीने उठवलं.

दादा दोन दिवस कोणाशी बोललेला नाही. आज पहाटे मी त्याच्याबरोबर फुलबाजारात गेले.  टेम्पोतून मी पाटी उचलायला गेले, तर त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली.

आईचे आशीर्वाद. तुझा लोभ आम्हाला पुरून उरतो, तसाच राहू दे. आणि फोन चालू कर.

तुझी,
मनीषा