दुसऱ्या काडतुसाला अडणारी रायफल

बाबा, तुमच्या कोतातली, त्या हत्यारांच्या कोठीतली, एक थ्री-नॉट-थ्री सध्या रुसून बसली आहे आणि तिची समजूत काढायला मला बोलावलं आहे. तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असतात, मग म्हणाला असतात, एवढी मोठी छावणी आहे कामठीत, अन् माह्या पोरीवाचून अडलं यांचं? अडलं आहे खरं. तुम्ही जिथे आर्मरर म्हणून हत्यारं दुरुस्त करण्यात हयात काढलीत, त्या प्रशिक्षण केंद्रात आता सगळी नवी हत्यारं आली. जुन्या रायफली सोमवारी गाडीत भरून भट्टीकडे जाणार आहेत. एक तेवढी ठेवायची आहे, नव्या भरतीतल्या मुलांना जुनं हत्यार कसं भरायचं ते दाखवायला. बाकीच्यांचे लाकडी दस्ते चिरलेत. हिचाही चिरला होता, पण तो तुम्ही जोडला होतात, आणि सांधा अजून बोटाला लागत नाही. म्हणून हिची निवड झाली. पण ही पहिलं काडतूस घेते आणि दुसऱ्याला अडते. अडेल रायफल ठेवून करायचं काय? सोमवारपर्यंत सुधारली नाही, तर हीही त्याच गाडीत चढेल.

तिथल्या हवालदाराचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. कोत आता त्याच्याकडे आहे. "काकू, मी तिथूनच बोलून राहिलो जिथं तुमचे बाबा होते. ही रायफल दुसरा राउंड घेऊनच नाही राहिली. जुने लोकं म्हणते, आर्मररसाहेबाच्या पोरीले विचारा." मी साठी ओलांडलेली बाई, शाळेत मुलींकडून कवायत करून घेऊन निवृत्त झालेली, आणि मला कोणी तरी पोरगी म्हणालं. मी लगेच हो म्हटलं. किती लगेच, ते सांगायची लाज वाटते. घरून, बेसाहून ऑटो, मग ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, तिथून कामठीची शेअर ऑटो. जाण्यातच अर्धी सकाळ जाते. जाऊ दे. माझ्या सकाळींना दुसरं गिऱ्हाईक कुठे आहे?

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. आई पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही पाटावर बसून, सागवानाच्या तुकड्यांतून स्वतः कोरलेली लाकडी काडतुसं माझ्यासमोर मांडता आहात. खरी घरी आणायची नाहीत हा तुमचा नेम, पण लाकडाला कोण अडवणार! "पाह्य, याच्या बुडाले कडा हाये. वरच्याची कडा खालच्याच्या कडेच्या पुढं बसली पाह्यजे. मागं गेली की दोघं एकमेकांत गुतते, मंग ढकलत बस." मी एकावर एक रचते, तुम्ही मुद्दाम एक मागे सरकवता आणि वरचं पुढे ढकलायला सांगता. ते हलत नाही. मी वैतागते. आई लाटणं आपटते आणि म्हणते, "पोरीले पोळी येत नाही अन् तुम्ही गोळी शिकवून राहिले!" तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगता, पोळीत काय आहे, कडा नीट लाटली की झालं. त्या दिवशी आईलाही हसू आवरलं नाही. माझ्या लग्नाचा प्रश्न पुढे कितीदा निघाला आणि कसा राहूनच गेला ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण पोळी मला अजून गोल येत नाही.

आणि फायरिंगच्या मैदानावरचा तो दिवस. आम्ही कॉलेजच्या कॅडेट मुली, उन्हात रांगेत. माझी रायफल अडली, आणि मैत्रिणी बघताहेत म्हणून मी काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टवर सगळा जोर काढला. तुम्ही नळी तशीच समोर धरायला लावलीत, रायफल हातातून काढून घेतलीत, आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "काहून वं, दार लोटून राहिली काय? अडलं त्याले जोर नाही लावत. रिकामी कर, पाह्य, मंग हात लाव." मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही संत्रा बर्फीचा पुडा माझ्या उशाशी ठेवलात. आपल्याकडे भांडण असंच संपायचं. मला ते आवडायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तर परवा मी तुमच्याच टेबलावर ती रायफल घेतली. रिकामी आहे याची खात्री केली, ड्रिलची खोटी काडतुसं मागवली आणि कडा पाहून एकेक भरलं. तरी दुसरं काडतूस नाक खाली घालून आडवं. म्हणजे कडांचा दोष नव्हता. मग मी काडतुसांची डबी, म्हणजे मॅगझिन काढलं, काडतूस धरून ठेवणाऱ्या त्याच्या वरच्या पत्र्याच्या ओठांवरून बोट फिरवलं, आणि हवालदाराला विचारलं, मॅगझिनं धुतली कशी? तो म्हणाला, "सगळे काढले, एका टबात रॉकेल टाकलं, मस्त चमकवले, अन् लावून देले." मी कपाळाला हात लावला. हे ओठ तुम्ही आणि तुमच्याआधीच्यांनी रायफलीगणिक चिमट्याने वाकवून बसवलेले. एकीचं दुसरीला लावणं म्हणजे शेजाऱ्याची कवळी घालून जेवायला बसणं. कोणतं कुठल्या रायफलीचं ते सांगणारे त्यावरचे आकडे तर कधीचे रंगाखाली गेलेत. हवालदार बिचारा ओशाळला. मी म्हटलं, होते गा, आता एकेक लावून पाहू.

त्याने माझ्यासाठी कूलर सरकवला, चहा मागवला. दुपारी बायकोने दिलेला डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे केला. येणारा-जाणारा डोकावायचा, "आर्मररसाहेबाची पोरगी काय?" म्हणायचा आणि तुमची एखादी गोष्ट सांगून जायचा. बाबा, बेसाच्या फ्लॅटमध्ये मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद. दिवसभरात माझ्याशी बोलते ती लिफ्ट, तीही मजला सांगण्यापुरती. मला फार एकटं वाटतं. हे कोणाला सांगावं म्हटलं तर सांगायलाच कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे, आणि तुमचा पत्ता काही पोस्टमनला सापडायचा नाही.

आता खरं सांगते. काल दुपारी हवालदार त्याच्या साहेबांकडे गेला होता. मी मांडणीतल्या एका रायफलीचं मॅगझिन काढून आपलीला लावलं आणि भरलं. पहिलं गेलं, दुसरं गेलं, शेवटचंसुद्धा लोण्यासारखं गेलं. तिचं स्वतःचं मॅगझिन सापडलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी ते काढलं, होतं तिथे परत लावलं आणि आपलीला पुन्हा चुकीचं बसवलं. तो आला आणि म्हणाला, "काय काकू, जमलं काय?" मी म्हटलं, "नाही गा, अजून अडूनच राहिली. शनिवारी पाहते."

शनिवारी मी ते बसवीन. तुमचा हात लागलेली वस्तू भट्टीत जाऊ देणार नाही, तेवढी काळजी करू नका. तो खूश होईल, चहा पाजेल आणि मला शेअर ऑटोत बसवून देईल. रविवारी काय करायचं, ते मला माहीत नाही, बाबा.