तुम्ही म्हणाल तसं

कुसाकाबे डॉक्टरसाहेब,

तुमच्या जागी आता पोरगेलीशी डॉक्टरीण आलीय. माझा रक्तदाब पाहून म्हणाली, "तोमेआजी, गोळी बदलायची की खारवलेला मुळा कमी करायचा? काय जमेल तुम्हाला?"

मी तडकले, "मला कळत असतं तर इथे कशाला आले असते?"

"औषधातलं मला कळतं, तुमच्या घरातलं तुम्हाला."

मग कबूल केलंच. तुमच्यापुढे मी वाकून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचे. पण तुम्ही दिलेल्या गोळीने चक्कर यायची, म्हणून अकरा वर्षं घेतलीच नाही. आम्ही दोघींनी मिळून हलकी गोळी ठरवली आणि मुळा फक्त सकाळच्या भातासोबत. आता दाब उतरलाय.

रागावू नका. एकदा विचारलं असतंत, तर तुम्हालाही सांगितलं असतं.

हे पत्र पोस्टात टाकायची हिंमत नसलेली,
तोमे